जिन्याजवळचा निर्जन प्रदेश

"जगातल्या निम्म्या वादग्रस्त सीमा या हाताने आखल्यात, आणि या घरात मला साधा खडू मिळू नये!"

नकाशेकाका कपाटात डोकं खुपसून कुरकुरत होते. बायकोने त्यांच्याच कानामागचा खडू काढून त्यांच्या हातात दिला. उभी हयात काकांनी नकाशा-कचेरीत तुटक रेषा ओढण्यात घालवली होती. दोन देशांचं एकमत नसलं की सीमा तुटक काढायची, असा तिथला दंडक. निवृत्त होताच त्यांनी दारावर 'खाजगी गुप्तहेर, सूक्ष्म नजर' अशी पाटी लावली. चष्मा मात्र रोज बायको शोधून द्यायची.

आजची केस खालच्या मजल्यावरची. तिथे दोन सख्खे भाऊ समोरासमोर राहत आणि जिन्याजवळच्या मधल्या पॅसेजच्या वादावरून एकमेकांशी बोलत नसत. आठवडाभर तिथे रोज सकाळी एक वेताची खुर्ची उगवत होती. थोरला म्हणे धाकट्याचं अतिक्रमण, धाकटा म्हणे थोरल्याचं. संध्याकाळी गवंडी येऊन मध्ये भिंत घालणार होता. कुठून, ते काकांनी सांगायचं.

काका रांगत कामाला लागले. टेपचं दुसरं टोक धरून बायको मागे.

"नुसती खुर्ची ठेवून मालकी सिद्ध होत नाही," काका गरजले. "आंतरराष्ट्रीय कायद्यात तिथे कारभारही चालवावा लागतो. इथला केर कोण काढतं?"

दोघे भाऊ छताकडे बघू लागले.

"प्रशासन शून्य! मग यात तिसरी सत्ता असणार. दूधवाला! पहाटे येतो, दोन्ही बाजूंशी गोड बोलतो."

"अहो, त्याला बसायला वेळ तरी असतो का?" बायको म्हणाली.

"मग उरतो एकच निष्कर्ष. ना मालक, ना वस्ती. हा निर्जन प्रदेश आहे! आजी, जरा पाय वर घ्या."

खुर्चीतल्या आजींनी निमूटपणे पाय वर घेतले. काकांनी खालून सुबक तुटक रेषा ओढली.

बायकोने टेप सोडून दिली. आजी म्हणजे या दोघांची आई.

"आजी, ही खुर्ची इथे कोण आणतं हो?" बायकोने विचारलं.

"मीच. दुसरं कोण आणणार?"

"मग बोलला नाहीत ते?"

"कोणी विचारलं?"

काकांनी चष्मा पुसला. "पण मग आपण नेमक्या कोणत्या बाजूच्या?"

"एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. याचा महिना संपला, त्याचा अजून सुरू होत नाहीये. रात्री जे दार उघडं दिसेल तिकडे निजते. दिवसा इथे बरं."

"आईचा काय संबंध?" थोरला घाईने म्हणाला. "हा पॅसेजचा प्रश्न आहे."

"पॅसेजचाच," धाकटा म्हणाला. कैक दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आजींनी पाय खाली सोडले.

"पॅसेज तुम्हाला दोघांनाही हवाय रे," त्या म्हणाल्या. "दोघांनाही नकोय ती मी."