डाव्या हाताची सवय

आईची स्कूटर विकू द्यायची नाही, हे मी परदेशातून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी ठरवलं. 'दुरुस्त करा, फेकू नका' या विषयावर विमानातच माझं अर्धं भाषण लिहून झालं होतं. (शेजारच्या प्रवाशाला ऐकवलंही. त्याने जागा बदलून घेतली.)

स्कूटर जुनी, बिनगिअरची. मूठ पिळली की आधी नुसती गुरगुरायची आणि मग दणका देऊन सुटायची. माझं बालपण तिच्या मागच्या सीटवर गेलं. दणका बसला की मी आईच्या कमरेला मिठी मारायचो आणि शाळेपर्यंत नाक तिच्या पाठीत खुपसून बसायचो. शाळेचा रस्ता मला अजूनही दिसण्यापेक्षा वासाने आठवतो, साबणाच्या आणि पेट्रोलच्या.

रविवारी मावशीचे शेजारी ती घेऊन जाणार होते. मी तोवरची मुदत मागितली.

"कर बाबा," आई म्हणाली. "तुझं शिक्षण एकदा तरी घरच्या कामाला येऊ दे."

झाकण उघडलं तर आतला बेल्ट कडांनी झिजलेला, जागोजागी तडे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सांगितलं की इतरांचा बेल्ट तीन-तीन वर्षं जातो, आईंचा दरवर्षी बदलावा लागतो. पण तो स्वतः चालवतो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालते. या अशास्त्रीय विधानाकडे मी दुर्लक्ष केलं.

नवा बेल्ट घातला. पुलीतले चपटे झालेले रोलर बदलले, कार्बोरेटर धुतला, मुठीची केबल बदलली. दर वेळी चक्कर मारली, दर वेळी दणका. सगळ्याची वहीत नोंद ठेवली, आलेख काढला. शनिवारी संध्याकाळपर्यंत आलेख छापण्याजोगा झाला होता. गाडी होती तशीच.

शेवटी अभिमान गिळून मेकॅनिकला मागे बसवलं. दोन दणके खाऊन तो खाली उतरला.

"साहेब, निघताना डावा हात कशाला दाबता?"

"क्लच," मी म्हणालो.

"या गाडीला हाताचा क्लच नसतो. तो ब्रेक आहे."

आई शिकली बाबांच्या गिअरच्या स्कूटरवर, आणि मी शिकलो आईकडून. ब्रेक दाबून मूठ पिळायची, बेल्ट बिचारा जागच्या जागी घासत राहणार, आणि ब्रेक सोडला की दणका. (यंत्रातील धक्क्यांचं निर्मूलन हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.)

घरी जाऊन आईला हा शोध सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग?"

"एकदा चालवली की नीट. तू मला धरलंच नाहीस. मागे आहेस की पडलास तेच कळेना." तिने माझा शर्ट झटकला. "आता मागे कोणी नसतं. कशाला ठेवायची?"

रविवारी मावशीच्या शेजाऱ्यांना मी हात जोडून परत पाठवलं. आईने स्कूटर बाहेर काढली आणि मागे बस म्हणाली. नवा बेल्ट, नवे रोलर, निदानही झालेलं. मी निश्चिंतपणे हाताची घडी घालून बसलो.

आईने डावा हात दाबला.

ती पुढच्या वळणापर्यंत माझ्याशी बोलत होती म्हणे. मी फाटकासमोर रस्त्यावर बसलेलो होतो, हाताची घडी तशीच.