झेलूआक्काचा नियम

बाळांनो, ही कथा मी गेल्या भाद्रपदात, सकाळच्या न्याहारीच्या वेळी, वनरक्षक भिकाजी गावडे यांच्या तोंडून ऐकली. स्थळ त्यांनी सांगितले नाही, म्हणून मीही सांगत नाही.

एका जंगलात एक तळे होते. तळ्यावर झुकलेल्या फांदीवर झेलूआक्का नावाची चिमुकली झाडबेडकी राहत असे. तिच्या कुळाची रीत अशी, की अंडी पाण्यात घालायची नाहीत. पानावर फेसाचे घरटे करून त्यात जपायची. दिवस भरले की फेस विरघळतो आणि पिल्ले अलगद तळ्यात पडतात.

एकदा केळीच्या घडात बसून एक परदेशी झाडबेडूक सपत्नीक आला. चांगला तळहाताएवढा, बोटांना रुंद चकत्या. सर्वांनी त्याचे स्वागत केले. त्याने आधी किडे खाल्ले, मग पाली, मग झेलूआक्काचा धाकटा दीर. सौभाग्यवतींनी तळ्यावर अंड्यांचा तवंग पसरला. तो लगेच फुटला आणि पाणी काळ्या शेपट्यांनी भरून गेले.

झेलूआक्काचा फेस नुकताच पानावर चढला होता. तिने सभा बोलावली आणि नियम सुचवला: ज्याचे अंडे या तळ्याच्या पाण्यात फुटले, तोच इथला, इतरांनी पाण्यात उतरू नये. नियम एकमताने संमत झाला. पाहुण्यानेही हात वर केला.

अध्यक्षस्थानी कासवदादा होते. त्यांनी पाहुण्याला जन्मस्थान विचारले.

"समुद्रापलीकडचा मी. निघतोच. पण पोरं इथलीच ना, दादा?"

"निर्विवाद. आणि तुझं गं, झेलू?"

"पानावर, दादा. आम्ही सगळेच पानावरचे."

"मग कसं करायचं, बाई? नियम तुझाच."

दादांचे स्वतःचे अंडे वाळूत फुटले होते. पण अध्यक्षांना असे विचारण्याची पद्धत नव्हती.

पाहुण्याने मुलांच्या संगोपनासाठी जाणे लांबणीवर टाकले. इकडे फेस सैल होऊ लागला. खाली तळे, आणि तळ्यात उतरायला बंदी. अखेर झेलूआक्का स्वतः पाहुण्यासमोर जाऊन बसली.

"भाऊसाहेब, माझी लेकरं खाली पडतील. तेवढी पडू द्या."

पाहुण्याने तोंड उघडले.

ते होकार देण्यासाठी, की अन्य कारणासाठी, हे मी गावडेकाकांना पुन्हा पुन्हा विचारले. त्यांनी चहा संपवला. झेलूआक्का त्यानंतर कोणाला दिसली नाही, एवढे नक्की. उत्तर काय मिळाले, याची खातरजमा मला आजवर करता आलेली नाही.

तात्पर्य: पाहुण्यापासून घर राखायचे असेल, तर नियम पाहुण्यालाच करू द्यावा. आपण कुठे जन्मलो, हे निदान त्याच्या लक्षात असते.