पाणी पिणारी गल्ली

शालिग्रामच्या घरात पाऊस दरवर्षी पाहुण्यासारखा यायचा आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. देऊळगाव राजातल्या उतारगल्लीचं ते शेवटचं, सगळ्यात खालचं घर. गल्ली मातीची होती तोवर पाणी वाटेतच मुरायचं. मग महाराष्ट्र राज्य झालं, नगरपालिकेला हुरूप आला आणि गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत फरशी बसली. फरशी इतकी देखणी की पहिले चार दिवस लोक वहाणा हातात घेऊन चालले. पण पाण्याला मुरायला बोटभर जागा उरली नाही. ते वरून सुसाट निघायचं आणि शालिग्रामच्या चुलीत येऊन दम खायचं.

चूल भिजली की त्याची बायको पुष्पाबाई बोचकं बांधून जानेफळला माहेरी जायची. घर वाळेपर्यंत, म्हणजे चांगले आठ दिवस. मागे शालिग्राम स्वतःच्या हातच्या भाकरी खायचा. त्या एका अंगानं कच्च्या आणि दुसऱ्या अंगानं कोळसा असायच्या, पण खरं दुःख भाकरीचं नव्हतं. तिच्या बांगड्यांचा आवाज नसला की त्याला घरात करमत नसे, आणि हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

"यंदा पाणी शिरलं तं आठ दिवसानं येत नसते मी," पुष्पाबाईनं आखाडातच बजावलं होतं. "पार दिवाळी करूनच येईन. सांगून ठेवते!"

 शालिग्राम नगरपालिकेत बांधकामाचा मुकादम होता आणि ती फरशी त्यानंच उभं राहून बसवून घेतली होती. माणूस कष्टाळू, पण डोळे कायम कुठंतरी लांब लागलेले. कामावर असताना नालीतून वाहणारं पान बघत बसायचा आणि गवंडी हाका मारून थकायचे. त्या रात्रीच्या झोपेत त्याला आपली गल्ली दिसली. ती हिरवीगार होती, आडवी पहुडली होती आणि आभाळाकडे तोंड करून घटाघटा पाणी पीत होती. सकाळी तो उठला तो हसतच.

"फरशीच्या कडंनं सात खोलगट वाफे करू," त्यानं नगराध्यक्ष हिंमतरावांना सांगितलं. "खाली गिट्टी, वर रेती, त्यात वाळा अन् कर्दळ लावू. वरून येणारं पाणी वाफ्यात शिरन अन् जागच्या जागी मुरन."

"रस्त्यावर बाग?" हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "तुले बरं नाई का बे?"

पण गिट्टी फरशीच्या कामातून उरून इतकी वर्षं पडून होती, रेती नदीची होती, आणि शालिग्राम इतका स्वप्नात बोलत होता की हिंमतरावांना नाही म्हणवलं नाही. पंधरा दिवसांत सात वाफे झाले. वाळा तरारला, कर्दळीला लाल फुलं आली. दोन बारीक सरी आल्या, त्या वाफ्यांनी अलगद पिऊन टाकल्या. शालिग्राम संध्याकाळी गल्लीतून चालायचा तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नसत.

पोळ्याच्या आधी त्याला कामासाठी चार दिवस बुलढाण्याला जावं लागलं. पोळ्याच्या दिवशी सकाळी तो एसटीतून उतरला, गल्लीच्या तोंडाशी आला आणि हातातली पिशवी तिथंच टाकून वाफ्यांकडे धावला.

सातही वाफे सारवले होते. नुसते सारवले नव्हते. भुसा घातलेल्या चिकणमातीचा जाड लेप, त्यावर शेणाचा हात, कडेनं गेरूची रेघ आणि काठावर रांगोळी. कर्दळीची आणि वाळ्याची ठोंबं तेवढी मधून डोकं वर काढून उभी होती. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या अन्नपूर्णाबाई पदर खोचून शेवटचा हात मारत होत्या.

"काकू! हे काय केलं हो?"

"सनावाराची दारात उघडी माती ठेवतेत का बाप्पा?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "म्या माह्यासमोरचा सारवला. मंग बाकीच्या बाया मांगं राहतीन का? सगळ्याईनं सारवले."

"काकू, ते पाणी प्यायचे वाफे होते!"

"हाव ना! तुह्या बायकोनंच सांगतलं, पाणी प्यायचे हायेत म्हणून. मले समजलं, पोळ्याच्या बैलाईसाठी हौद केले यानं. म्हणून तं दुहेरी लेप देला. थेंबभर पाणी गळणार नाई, पाहून घेजो!"

शालिग्रामनं कपाळावर हात मारला. खरवडून काढावं म्हटलं, तर सणाच्या दिवशी सवाष्णीनं घातलेलं सारवण कोण उकरणार? त्यानं नुसतं खुरपं हातात घेतलं तरी गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तो खुरपं ठेवून घरी गेला. पुष्पाबाई पुरण वाटत होती. कोपऱ्यात बोचकं बांधून तयार होतं. 

दुपारी आभाळ भरून आलं. काळंभोर नाही, निळसर आणि मऊ, बघत राहावं असं. शालिग्राम क्षणभर बघतही राहिला. मग पाऊस सुरू झाला आणि त्याला आपलं दार आठवलं. त्यानं उंबऱ्याला पोती लावली, त्यावर विटा ठेवल्या आणि छत्रीशिवाय रस्त्यात उभा राहिला. पहिला वाफा भरला, ओसंडला. दुसरा भरला, ओसंडला. अन्नपूर्णाबाईंचा लेप शब्दाला पक्का होता. सातवा ओसंडला आणि पाणी त्याच्या पायरीला लागलं.

तेवढ्यात वरून हलगी वाजली. पोळा भिजतच निघाला होता. पुढे हिंमतरावांची जोडी, शिंगांना बेगड, अंगावर झुली. पहिल्या बैलाला हिरवा वाळा दिसला मात्र, आणि तो शांतपणे वाफ्यात उतरला. मागून त्याचा जोडीदार उतरला.

"अरे, काढा त्याले! काढा!" हिंमतराव ओरडले.

पण काढणार कोण? पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उगारायचा नाही, चढ्या आवाजात बोलायचंही नाही. हिंमतरावांनी चटकन जीभ चावली आणि हात जोडले. "राजा, ये बाप्पा बाहीर. घरी पुरणपोळी हाय तुले."

राजा कर्दळ खात राहिला. मागच्या जोड्यांनीही आपापले वाफे निवडले. सातही वाफ्यांत बैल, काठावर हात जोडलेले मालक आणि वरून झिमझिम पाऊस. बैल एकाच पायावर थोडेच उभे राहतात? त्यांनी पाय हलवले, खूर रोवले, पुन्हा काढले. भिजून मऊ झालेला तो दुहेरी लेप जागोजागी फुटला. आधी एक बुडबुडा आला, मग गुडगुड आवाज झाला, आणि पहिला वाफा पाणी पिऊ लागला. मग दुसरा, मग तिसरा. भिजलेल्या झुली, लाल फुलं, बेगडाचा चमचमाट आणि घटाघटा पाणी पिणारी गल्ली! शालिग्रामला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

पायरीचं पाणी उंबऱ्याला न शिवता मागे सरलं. तो धावत घरात शिरला.

"अवं, पाह्य! थेंब नाई आला! चूल कोरडी हाय!"

पुष्पाबाईनं चुलीकडे पाहिलं. सकाळचा स्वयंपाक आटोपून चूल केव्हाच विझली होती आणि ठणठणीत कोरडी होती. मग तिनं बोचक्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

"काऊन व? काय झालं?"

"कोरडी हाय तं मी आता कोन्या तोंडानं जाऊ?" ती हुंदके देत म्हणाली. "म्हतारी माय वाट पाहून राह्यली असंन. वर्षातून हे आठच दिवस तं भेटतेत मले. बिनाकारण माहेरी गेली तं ह्या गल्लीतल्या बाया काय म्हणतीन?"

 अकरा वर्षं ही बाई पावसावर रुसून जाते असं शालिग्रामला वाटत होतं, आणि ती तर पावसाची वाट बघत होती! मनात आलं, सांगावं, नको जाऊ, तू नसली की मले करमत नाही.  पण त्यानं कोपऱ्यातली कळशी उचलली आणि सगळी चुलीत उपडी केली. राखेचं काळं पाणी जमिनीवर पसरलं.

"अहो! हे काय येड्यावानी?" पुष्पाबाई रडता रडता थांबली.

"शिरलं पाणी," तो म्हणाला. "जाय. पण दिवाळीपर्यंत नाई, आठच दिवस. मले घर खायाले उठते."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला होता. पुष्पाबाईनं लाजून मान खाली घातली आणि बोचकं उचललं.

बाहेरून अन्नपूर्णाबाईंची हाक आली. "काय रे शालिग्राम? शिरलं का घरात?"

शालिग्राम दारात आला. समोर भिजलेले हिंमतराव उभे होते, सगळी गल्ली उभी होती, आणि सातही वाफे त्याच्याकडे बघत शेवटचा घोट घेत होते. आयुष्यात एकदाच त्याचं स्वप्न खरं झालं होतं.

"शिरलं, काकू," तो म्हणाला. "चुलीपोत शिरलं."

"माय माय माय!" अन्नपूर्णाबाई हळहळल्या. "त्या बैलाईनं सारवण फोडलं, म्हणून झालं हे. तू काई फिकर नको करू बाप्पा. पुढच्या सालाले मी तिहेरी लेप देते!"