अमरावतीत दाबलेलं बटण

दीपमालाचा हट्ट एवढाच होता की परीक्षकांना नकाशावर खरी घरं दिसली पाहिजेत. विद्यापीठाच्या ॲप-स्पर्धेसाठी दोघं अकोल्याहून अमरावतीला निघाले होते आणि गाडीत तिनं योगेशला डोळा म्हणून लागू दिला नाही.

"घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन, हे कोन पायते बे? उत्तमराव काकाचं घर दाखव, तुया आईचं दाखव. मंग वाटते ना खरं."

"अवं, पन ती खरी यादी हाय. गडबड झाली तं?"

"काय गडबड होते? नुसतं दाखवाचं तं हाय."

बडनेरा यायच्या आत योगेशनं लुटूपुटूची यादी काढून घरांची आणि मोबाईल नंबरांची खरी यादी जोडली.

दोघं कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते आणि राहायला एकाच कॉलनीत, अकोल्यात जुन्या जिनिंगच्या मागे. तिथं नळ कधी चार दिवसांनी येत, कधी सहा, आणि नेमके कधी येतील ते कॉलनीत कोणालाच सांगता येत नसे. त्यावर त्यांनी 'नळ आले' नावाचं ॲप केलं होतं. ज्याच्या घरी पहिल्यांदा पाणी येईल त्यानं बटण दाबायचं, की कॉलनीतले, घरटी एक असे, बाकीचे सगळे मोबाईल ओरडायचे, आवाज बंद करून ठेवलेले असले तरी. "नळ आले वो" ही हाक योगेशच्या आईच्या, शकुनबाईंच्या आवाजात होती. तो आवाज मोबाईलशिवायही दोन गल्ल्या ओलांडायचा. उन्हाळाभर ॲप एकदाही चुकलं नव्हतं, त्यामुळे ते ओरडलं की पाणी आलंच, असा कॉलनीचा पक्का समज झाला होता.

सभागृह गच्च भरलं होतं. बाकीच्या मुलांनी पडद्यावर सुंदर चित्रं आणली होती. इथं दाबलं की असं होईल, तिथं दाबलं की तसं. ह्यांचं ॲप मात्र खरंच चालत होतं. जिंकणाऱ्यांना विद्यापीठ वर्षभर जागा आणि मार्गदर्शन देणार होतं. म्हणजे 'नळ आले' अख्ख्या अकोल्यात नेता आलं असतं. योगेशचा मोबाईल मोठ्या पडद्याला जोडलेला होता, नकाशावर कॉलनीतली घरं मांडलेली होती आणि दीपमाला अशी रंगून बोलत होती की मागच्या रांगेतली मुलंही मोबाईल खाली ठेवून ऐकू लागली.

मुख्य परीक्षक वानखडे सर उठून पुढे आले. "मी दाबून पाहू का?"

"दाबा ना सर," दीपमाला म्हणाली.

योगेशला यादी आठवली, पण तोवर सरांचं बोट टेकलं होतं. काहीच झालं नाही. सरांनी आणखी दोनदा दाबलं.

"आवाज नाही आला."

"येईल सर," योगेश म्हणाला.

आवाज अकोल्यात आला होता, आणि तीनदा आला होता. उत्तमराव काका सलूनच्या खुर्चीतून उठले ते एका गालाला साबण तसाच ठेवून. सीमाताईंनी पतपेढीच्या खिडकीतून रांगेला "येतेच" असं सांगितलं आणि स्कूटीला किक मारली. पार्बताबाईंच्या घरी नात साधनाला पाहायला दर्यापूरची मंडळी आली होती. हाक ऐकताच साधनानं पोह्यांचा ट्रे नवरदेवाच्याच हातात दिला आणि ती मोटर लावायला धावली. नवरदेव बसून कसा राहणार? ट्रे खाली ठेवून त्यानं रिकामा ड्रम उचलला.

नळाला थेंब नव्हता.

इकडे पडद्यावर नकाशा जाऊन हातभर अक्षरं उमटली: 'उत्तमराव काका'. योगेश फोन कापायला धावला, पण वानखडे सरांनी त्याला थांबवलं. "घ्या, स्पीकरवर घ्या. वापरणाऱ्याचं म्हणणं कळलं पाहिजे."

वापरणाऱ्याचं म्हणणं साऱ्या सभागृहाला कळलं. "काहून बे, कुठी हाय पानी? मी अर्धी दाढी सोडून आलो ना लेका. लोकं हासून राहिले मले."

सभागृह खो खो हसलं. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच पडद्यावर 'आई' आली.

"योग्या, त्या बुधाजीनं पानी दुसरीकडं वळवलं रे. आपलं ॲप खोटं बोलत नाई. आमी समदे चाललो त्याच्याकडं."

बुधाजी म्हणजे व्हॉल्व्हवाला. कॉलनीच्या नाक्यावरची पाण्याची चावी त्याच्या हातात. योगेश काकुळतीला आला. "आई, थांब. त्याचा काई दोष नाई. ते बटन इथं मोठ्या सरांनी दाबलं, अमरावतीत."

"अमरावतीच्या मोठ्या सायबानं?"

"हाव, पन—"

"मंग तं झालंच," शकुनबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

नाक्यावर बुधाजी झाडाखाली डबा उघडून बसला होता. समोरून रिकामे हंडे-गुंड घेतलेल्या बाया, एका गालावर वाळलेला साबण घेतलेले उत्तमराव आणि नव्या शर्टातला, ड्रम उचललेला एक अनोळखी तरुण येताना पाहून त्यानं डबा मिटला.

"आज नाई, तुमची पाळी उद्या हाय," तो लांबूनच म्हणाला.

"उद्या काहून? आजची ऑर्डर आली," शकुनबाईंनी मोबाईल पुढे केला. "तीन डाव आली."

"कोठून?"

"अमरावतीहून. मोठ्या सायबानं सोता बटन दाबलं."

अमरावती म्हटल्यावर बुधाजी उभाच राहिला. विभागाची सगळी मोठी कार्यालयं तिथं. त्याला अकोल्याच्या साहेबाचीसुद्धा भीती वाटायची, हा तर त्याच्याही वरचा, आणि तीनदा सांगून थकलेला. "मले कोनी काई सांगतच नाई," असं पुटपुटत त्यानं चावी लावली आणि फिरवली.

अमरावतीत दीपमाला चाचपडत "पुढची सुधारणा" सांगत होती, तेवढ्यात पडद्यावरचं एक घर निळं झालं, म्हणजे तिथं पाणी आलं. मग शेजारचं. मग एक अख्खी ओळ. कॉलनी बटणं दाबत सुटली होती. मुलं उभी राहून घरं मोजायला लागली, शेवटचं घर निळं झालं तेव्हा तर टाळ्यांनी छत हललं. दीपमालानं योगेशचा दंड एवढा जोरात धरला की तो कळवळला.

"म्हणजे पाणी यायच्या अर्धा तास आधी हे ॲप सांगतं?" वानखडे सरांचा चेहरा फुलला होता.

दीपमाला एक पाऊल पुढे आली. "नाही सर. चूक झाली आमची. यादी खरी होती. तुम्ही दाबलं ते खरंच तिकडं गेलं, लोक व्हॉल्व्हवर धावले आणि त्यांनी चावी फिरवायला लावली."

सरांनी वळून पडद्यावरच्या निळ्या ओळी पाहिल्या.

"म्हणजे अकोल्याचं पाणी मी सोडलं?"

"हो सर."

सर खुर्चीवर जाऊन बसले, चष्मा पुसला आणि हळूच माईककडे झुकले. "माझ्या घरी परवापासून नळ नाही. तिथलं बटण आहे का यात?"

पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा योगेश रडतोय की हसतोय ते दीपमालाला कळेना. तिला स्वतःचंही कळत नव्हतं.

संध्याकाळी कॉलनीत दोघांना रिक्षातून उतरूही दिलं नाही, आधी हार घातले. ड्रम उचलणारा नातजावई पार्बताबाईंना पसंत पडला होता, त्यामुळे पेढेही तयारच होते. गर्दी जरा पांगली तेव्हा फाटकाजवळ सायकल धरून उभा असलेला बुधाजी पुढे आला. योगेशनं हात जोडले.

"बुधाजी भाऊ, चूक आमची होती. तुमाले उगाच तरास झाला."

"ते राहू दे," बुधाजीनं खिशातून मोबाईल काढून त्याच्या हातात दिला. "माया मोबाईलात बी टाकून दे ते. मी चावी कवा फिरवाची ते मले समजलं पायजे ना."