राजाभाऊंच्या सुजेचा आकडा

"आकडा खाली येणार म्हणजे येणार! पक्का!" राजाभाऊ चहात तिळगुळाची कडक गजक बुडवत म्हणाले.

मोहालीशेजारच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत यंत्रं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. मूळचे साताऱ्याचे. हृदयात स्टेंट बसला, कोलेस्टेरॉल शहाण्यासारखं उतरलं. पण डॉक्टर अरोरांनी बजावलं होतं, रक्तवाहिन्यांच्या आत सूज धुमसत राहिली तर धोका राहतोच. रक्ततपासणीत सुजेचा आकडा कमी आला, की साताऱ्याला नातीच्या बारशाला जायला मोकळे! त्यांच्या बायकोने, चित्राताईंनी, कुंची शिवून बॅगेत ठेवलीसुद्धा होती.

रिपोर्ट आला. आकडा खाली कुठला, थेट गच्चीवर जाऊन बसलेला!

चित्राताईंच्या तोंडचं पाणी पळालं. राजाभाऊ मात्र हसले. "मशीन चुकलंय!"

यांची सवयच ती! आकडा विचित्र आला की आधी यंत्रावर संशय. ते सेक्टर सतरातल्या दुसऱ्या लॅबमध्ये गेले, मग मोहालीतल्या तिसऱ्या. "मशीन कॅलिब्रेट कब किया था जी?" असं विचारून सुई टोचणाऱ्या मुलींना भंडावून सोडलं. तिन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे निघाले!

चित्राताईंनी कुंची बाहेर काढली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

"बारसं राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे धड राहा." राजाभाऊंना प्रथमच खरी भीती वाटली.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून भुवया वर केल्या. "इतना ज़्यादा तो दिल की वजह से कम ही होता है. कहीं और इन्फेक्शन? ज़ख़्म? दर्द?"

"बिलकुल नहीं!" राजाभाऊ जरा जास्तच घाईने म्हणाले.

चित्राताईंनी मान वळवली. "अहो, मग इतके दिवस गजक चहात बुडवून का खाताय?"

डॉक्टरांनी गालावर हलकेच बोट दाबलं. राजाभाऊ असे किंचाळले, की बाहेर बसलेल्या समस्त पेशंटांचे ठोके वाढले!

दाढ! मुळाशी पू झालेली दाढ!

"पहले दाँत ठीक करवाइए, फिर आराम से सातारा जाइए," डॉक्टर हसत म्हणाले. "लौटकर टेस्ट दोबारा. तब भी ऊपर रहा, तो सूजन के लिए एक छोटी गोली जोड़ देंगे. डेंटिस्ट बगल में ही है."

"दाढेपायी मला अर्धी मारलीत!" चित्राताई एकाच वेळी रडत आणि चिडत होत्या. "सांगायला काय झालं होतं?"

"अगं, ते ड्रिल..." स्टेंट बसवायला विनोद सांगत गेलेला माणूस पुटपुटला. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरांकडे केविलवाणं पाहिलं.

"डॉक्टरसाब, दाँत रहने दीजिए ना. इसके बदले बायपास नहीं हो सकती?"