टाकीतलं तेल कुणी केलं?

सर निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत मागच्या अंगणावरचा बायकोचा ताबा गेला. जिथे चादरी वाळायच्या तिथे आता एक पिंप उभं राहिलं, शेजारी नळ्या, बरण्या, आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतून मागून आणलेले तळणीच्या तेलाचे काळेकुट्ट डबे.

"अहो, उशांच्या अभ्र्यांनासुद्धा तळणाचा वास मारतोय," बायको म्हणाली. "रात्रभर भूक लागते मला."

"यातून डिझेल होणार आहे," सर म्हणाले. "ट्रक धावेल यावर."

"धावेल तेव्हा धावेल. आधी माझी दोरी मोकळी करा."

सरांनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. या तेलावर त्यांनी जीव ओतला होता. ते गाळलं, तापवून त्यातलं पाणी उडवलं, थेंब थेंब मोजून तपासलं, रसायनं घालून ढवळलं, खाली बसलेला साका काढून टाकला, वरचं तेल तीनदा धुतलं, वाळवलं. शेवटी बरणीत मधासारखं पिवळंधमक, आरपार दिसणारं तेल उरलं. आता फक्त ट्रक हवा होता. आणि ट्रकवाला त्यांच्या ओळखीचा एकच होता, भोपळ्या.

हे नाव सरांनीच ठेवलेलं. पोरानं लागोपाठ तीन परीक्षांत भोपळा मिळवला आणि भर वर्गात सरांच्या तोंडून ते निघून गेलं. पुढे ते त्याला असं चिकटलं की आता चाळिशीतही बर्फाच्या कारखान्यातले लोक त्याला त्याच नावानं हाक मारत. त्याला त्याचं काही वाटत नसे. सर दिसले की तो अजूनही खिडकीतून हात काढून नमस्कार करी.

"सर, गाडी बंद नाही ना पडायची?" त्यानं विचारलं. "बर्फ असतो हो मागं. मासळीवाले वाट बघत बसतात. एक खेप चुकली तर दुसरा ट्रक लावतील."

"मी तीस वर्षं हाच विषय शिकवलाय."

"तेच तर. मी त्याच विषयात आडवा झालोय, म्हणून आपलं विचारलं."

पण सरांच्या शब्दाबाहेर तो कसा जाणार? सकाळी टाकी भरली, मागे बर्फाच्या लाद्या चढल्या आणि सर वही घेऊन शेजारी बसले. पहिल्या पाच मैलांत वहीची दोन पानं भरली. 'आवाज मऊ.' 'धूर जवळजवळ नाही.' सरांना आपण पुन्हा वर्गात उभे आहोत असं वाटू लागलं.

ऐन बाजाराच्या चौकात ट्रकनं दोन उचक्या दिल्या, एक सुस्कारा सोडला आणि तो थांबला तो थांबलाच.

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. मागच्या फळीतून बर्फाचं पाणी गळू लागलं. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत आला. "काय घातलंय टाकीत?"

"तेल," भोपळ्या म्हणाला.

"कसलं?"

"घरी केलेलं."

पोलिसानं सरांकडे पाहिलं. "आणि हे कोण?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. फळवाला, औषधाच्या दुकानातली बाई, बँकेतला कारकून. त्यातला एकही त्यांचा विद्यार्थी नव्हता, पण बघत सगळे होते. सरांनी वही मांडीखाली सारली आणि त्यांच्या कानांवर त्यांचाच आवाज पडला, "मी... मला वाटेत सोडणार होते हे."

भोपळ्यानं मान वळवली नाही.

लोकांनी धक्का मारून ट्रक कडेला घेतला. समोरच्याच गॅरेजमधून मिस्त्री आला, डोळ्यांवर चष्मा, हाताला ग्रीस. त्यानं फिल्टर काढला. आतून डांबरासारखी काळी चिकट घाण ओघळली. "अरेरे! कुठल्या गाढवानं केलं हे तेल?"

"मीच," भोपळ्या म्हणाला.

एवढ्यावर सर गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण जमावातून कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही तरी सांगायचं होतं याला." आणि सर बोलून गेले, "मी नकोच म्हणत होतो."

भोपळ्या खाली बसून मिस्त्रीला पाना देत होता. सरांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण ती सरकारी डांबराची होती, दुभंगली नाही.

मिस्त्रीनं नवा फिल्टर बसवला, टाकीतलं थोडं तेल बाटलीत घेतलं, उन्हात धरलं, हलवलं, हुंगलं. पुन्हा हलवलं. मग तो हळूच म्हणाला, "तेलात काही खोट नाही रे."

"मग ही घाण?"

"ती तुझ्या टाकीतली. वीस वर्षं तळाशी साचलेली. हे तेल इतकं जबरदस्त आहे की सगळा गाळ खरवडून काढला त्यानं आणि फिल्टर तुंबला. अजून दोनतीनदा बदलावा लागेल, मग बघ." त्यानं किल्ली फिरवायला सांगितली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. "असं तेल मी आजवर पाहिलं नाही. भोपळ्या, तुझ्या हातात विद्या आहे लेका!"

जमावानं माना डोलावल्या. सरांना राहवलं नाही. ते पुढे झाले. "खरं सांगायचं तर ते तेल मी..."

"काका," मिस्त्री म्हणाला, "गाडी बंद होती तेव्हा तुम्ही वाटसरू होता. चालू झाल्यावर कारखानदार?"

चौक खदाखदा हसला. भोपळ्या घाईघाईनं म्हणाला, "नाही हो, खरंच त्यांनीच केलंय."

"बघा, किती मोठ्या मनाचा माणूस!" मिस्त्री म्हणाला. "शिकलास कुठं?"

भोपळ्यानं हातातला पाना पुसला. "शाळेत एक सर होते."

"असे सर आता राहिले नाहीत," मिस्त्री म्हणाला. सरांनी मान खाली घातली, कारण त्यांना ते पटलं होतं.

मासळीवाल्यांनी भोपळ्याला यथेच्छ शिव्या दिल्या. लाद्यांचे निम्मे कोपरे झिजले होते. पण बर्फ पोचला, खेप टिकली.

"मी खोटं बोललो," परतताना सर म्हणाले. "दोनदा."

"माहीत आहे सर. शेजारीच होतो मी."

"तू का अंगावर घेतलंस?"

"तुमचा चेहरा बघितला. भर वर्गात उभं केल्यावर कसं होतं ते मला ठाऊक आहे." तो हे चिडून बोलला असता तर सरांना बरं वाटलं असतं. तो नुसता गिअर बदलत होता.

घरी बायकोनं विचारलं, "धावला का?"

"धावला."

"मग तोंड असं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "रविवारी जा गॅरेजात. मिस्त्रीनं पाचसहा ट्रकवाले बोलावलेत, भोपळ्या शिकवणार आहे म्हणे. बाजारात सगळे तेच बोलतायत, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पिंप घेऊन जा, म्हणजे माझी दोरीही सुटेल."

रविवारी पिंप गॅरेजात गेलं. सरांनी भोपळ्याचे डबे उतरवले, गाळणी धरली. भोपळ्या ट्रकवाल्यांसमोर उभा राहिला आणि घामाघूम झाला. "तेल गाळायचं. तापवायचं. मग कॉस्टिक सोडा घालायचा."

"किती?" एकानं पेन सरसावलं.

भोपळ्याच्या चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचा तोच कोरा फळा उतरला. तो छताकडे पाहू लागला. पिंपाआडून दबका आवाज आला, "आधी तेल तपासायचं. जितकं जळकं, तितकं जास्त."

"आधी तेल तपासायचं!" भोपळ्या ठणकावून म्हणाला. "जितकं जळकं, तितकं जास्त!"

ट्रकवाल्यांनी लिहून घेतलं. मिस्त्रीनं चष्म्यावरून पिंपामागे पाहिलं.

"ओ काका," तो दरडावून म्हणाला, "मागून सांगायचं नाही. त्याचं त्याला येऊ दे."

"चुकलं," सर म्हणाले, आणि त्यांनी गाळणी नीट सरळ धरली.