साळूताईंचा ताण कसा घालवला

एका जंगलात, मुलांनो, गाठीच्या आजाराचे एक मोठे रुग्णालय होते. जंगलात कसले रुग्णालय, असे विचारू नका. जिथे संचालक असतो, समिती असते आणि उद्घाटनाची कोनशिला असते, तिथे रुग्णालयही असतेच. आता गप्प बसून ऐका.

संचालक होते गेंडेसाहेब. त्यांची कातडी कशी होती ते मी सांगायला नको. त्या जागेसाठी दुसरी पात्रता कुणी विचारलीही नव्हती.

डॉक्टर होते बगळे. पांढरेशुभ्र. बोलताना एका पायावर उभे राहायचे, कारण दुसरा पाय कायम निघायच्या तयारीत असे. रुग्णाच्या घरच्यांना जांभळाच्या झाडाखाली बोलवायचे, एक लांबलचक वाक्य म्हणायचे आणि उडून जायचे. अशी तिथली पद्धत होती.

मग घरचे वळायचे साळूताईंकडे. "ताई, काय म्हणाले हो डॉक्टर?"

साळूताई म्हणजे साळिंदर. रुग्णालयातल्या एकुलत्या एक समाजसेविका. डॉक्टरांचे वाक्य फोडून, सोपे करून, समोरच्याला पेलेल एवढे एवढे सांगायचे, हे त्यांचे काम. लांबून आलेल्या सशांची राहायची सोय बघायची, तीही त्यांनीच. कोल्हा म्हणायचा, "बायकोला कळू देऊ नका." बायको म्हणायची, "यांना कळू देऊ नका." दोघांनाही सगळे कळलेले असायचे. दोघेही वेगवेगळे येऊन साळूताईंजवळ रडायचे.

आता साळिंदराच्या अंगावर काटे असतात. रडणाऱ्याला जवळ घ्यायचे तर ते मिटून बसावे लागते. साळूताई दिवसभर काटे मिटून बसत. हे किती अवघड आहे ते बघायचे असेल, तर शाळा सुटेपर्यंत मूठ आवळून बसा.

हळूहळू त्यांची पाठ धरली. झोप उडाली. काटे गळायला लागले. तेव्हा त्या गेंडेसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, माझ्या जोडीला आणखी कुणाला तरी नेमा. म्हणजे दुपारी घटकाभर झुडपामागे जाऊन मला काटे उभे करता येतील. बाकी काही नको."

गेंडेसाहेबांना फार वाईट वाटले. वाईट वाटले की ते समिती नेमत. समितीने भरपूर विचार केला आणि सांगितले की रुग्णालयात काम जास्त नाहीच, साळूताईंचा दृष्टिकोन कमी पडतो आहे. नवी नेमणूक करायला वरून मंजुरी लागली असती. आनंद शिबिराला मंजुरी लागत नव्हती. म्हणून आनंद शिबिर ठरले.

शेजारच्या जंगलातून मोर बोलावला. हा मोर गावोगाव फिरून थकलेल्यांना हसायला शिकवत असे. त्याने स्वतः आयुष्यात कुणाच्या उशाशी बसून एक दुपार काढली नव्हती, त्यामुळे त्याचा चेहरा फारच प्रसन्न होता.

शिबिर गुरुवारी दुपारी. हजेरी सक्तीची. "आनंद ऐच्छिक ठेवला तर घेणार कोण?" गेंडेसाहेब म्हणाले.

नेमके त्याच दुपारी बगळे डॉक्टर एका भेकरिणीशी बोलणार होते. तिचा नवरा, भेकरदादा, पावसाळ्यापासून तिथे पडून होता. औषध लागू पडत नव्हते. हे त्याने केव्हाच ओळखले होते. त्याने साळूताईंना जवळ बोलावून सांगितले होते,

"ताई, मला माज्या वढ्यावर जाऊ द्या. हितं भिताडाकडं बघत मरायचं न्हाई मला. पन मंडळीला माज्या तोंडानं सांगवत न्हाई. डाक्टर बोलत्याल तवा तुमी तिच्याजवळ बसा. तिला नीट उमजू द्या."

"बसेन," साळूताई म्हणाल्या. "शब्द देते."

डॉक्टरांच्या आधी बोलायची समाजसेविकेला परवानगी नव्हती. म्हणून त्या आधी बगळ्यांकडे गेल्या. "डॉक्टर, उद्या बोलाल का?" उद्या बगळे परिषदेला जाणार होते. मग त्या गेंडेसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, शिबिरातून मला तेवढ्यापुरतं सोडा. एका बाईला मी शब्द दिलाय. म्हणजे, तिच्या नवऱ्याला."

गेंडेसाहेब मायेने हसले. "साळूताई, हाच तर तुमचा आजार. आपल्यावाचून सगळं अडतं असं वाटणं. मोरसर यावरच बोलणार आहेत."

शिबिर सुरू झाले. मोराने पिसारा फुलवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"डोळे मिटा," मोर म्हणाला. "डोळ्यांसमोर एक शांत ओढा आणा. पाणी झुळझुळतंय. तुम्ही काठावर आहात. कसली घाई नाही."

साळूताईंच्या डोळ्यांसमोर ओढा आला. तो भेकरदादाचा होता. त्या ताडकन उठल्या आणि दाराकडे धावल्या. दारात अस्वल उभे होते. त्याने प्रेमाने त्यांना खाली बसवले.

"बसा ताई. अजून हसायचं राहिलंय."

मला त्या मोराचा अजून राग येतो. अस्वलाचा नाही, त्याला दारात उभे केले होते. मोराला दिसत होते की एक बाई रडते आहे. तो म्हणाला, "वा! बांध फुटतोय. फुटू द्या."

तिकडे जांभळाखाली बगळे डॉक्टर एका पायावर उभे राहिले. "आजाराचा प्रतिसाद मर्यादित आहे, तथापि पुढील पर्याय उपलब्ध आहेत." भेकरिणीने शेजारी पाहिले. शेजारची जागा रिकामी होती. त्या वाक्यातला एकच शब्द तिच्या हाती लागला. पर्याय आहेत. म्हणजे माणूस वाचतोय.

"मंग द्या की," ती आनंदाने म्हणाली.

नवे, आणखी जालीम औषध लगेच सुरू झाले. शिबिर संपवून साळूताई धावत आल्या, तेव्हा भेकरदादाला मान उचलवत नव्हती. त्याने त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. त्यानंतर तो उठला नाही. त्याच संध्याकाळी तिथेच गेला. ओढा तिथून दिसत नव्हता.

भेकरीण व्हरांड्यात साळूताईंसमोर येऊन उभी राहिली. ती भांडायला आली नव्हती. तिला खरेच कळत नव्हते.

"ताई, त्यो वढा वढा करत गेला. मला आदी कळलं असतं तर पाटीवर घिऊन गेली असती. तुमी व्हता कुटं?"

साळूताईंनी खाली पाहिले.

"आत होते," त्या म्हणाल्या. "माझा ताण घालवत होते."

आणि मुलांनो, हे वाक्य तोंडातून बाहेर पडले मात्र, साळूताईंचे सगळे काटे एकदम ताठ उभे राहिले. सळसळ असा आवाज झाला. गेंडेसाहेब नेमके मोराला निरोपाचा हार घालून तिथूनच येत होते. एक काटा त्यांच्या कुशीत रुतला. त्यांना कळले नाही.

"अरे वा!" ते म्हणाले. "काटेच उभे करायचे होते ना तुम्हाला? झालं की मग! याला म्हणतात शिबिर."

तेवढ्यात भेकरीण मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. साळूताईंनी काटे एकेक करून मिटले, आणि तिला जवळ घेतले.

समितीने पुढचे शिबिर दोन दिवसांचे ठेवले.

तात्पर्य : मरणाऱ्याला दिलेला शब्द एक वेळ मोडावा, पण स्वतःच्या आनंदाला उशीर करू नये. हजेरी तिथेच घेतात.